लग्नपत्रिकेतला लाल आणि नवा लॅपटॉप

बेळगावजवळच्या खानापुरातल्या माझ्या दुकानात लग्नपत्रिका दोन भाषांत होते. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, कारण मुलगी नंदगडची असली तर मुलगा बैलहोंगलचा असतो. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, शाळांच्या स्मरणिका हे वर्षभर चालतं, पण घराला आधार तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिकांचाच. त्यामुळे २०२५ च्या सप्टेंबरात कॉम्प्युटरवर सूचना येऊ लागली की विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबरला बंद होणार, तेव्हा पोटात गोळा आला.

माझं मशीन २०१७ च्या मॉडेलचं. प्रोसेसर आय५-७४००, म्हणजे इंटेलची सातवी पिढी. विंडोज ११ च्या यादीत साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर बसतात. एका पिढीनं हुकलं. शिवाय ते इतकं संथ झालं होतं की सकाळी बटण दाबून मी दुकान झाडून घ्यायची, देवाला उदबत्ती लावायची, तरी विंडोज पूर्ण आलेलं नसायचं.

सल्ले भरपूर मिळाले. भाचा म्हणाला, "आत्या, टॅब घे की, कीबोर्ड जोड." शेजारचे म्हणाले आय७ शिवाय घेऊ नका. मी ४५ हजार बाजूला काढले होते आणि ते एकदाच निघणार होते. म्हणून ठरवलं, कुणाचं ऐकण्याआधी माझं काम त्या मशीनवर करून बघायचं. पेनड्राइव्हमध्ये तीन फाइल घेतल्या: फोटोंनी भरलेली ६४ पानांची स्मरणिका, जुनी दोन भाषांतली पत्रिका आणि २०० पानांची स्कॅन केलेली पीडीएफ. वहीत पहिली नोंद माझ्याच जुन्या मशीनची केली. बटण दाबल्यापासून पहिलं अक्षर टाइप होईपर्यंत ३ मिनिटं १० सेकंद. स्मरणिकेची पीडीएफ बनायला ४ मिनिटं.

ही वेळ मोजताना भाच्यानं टास्क मॅनेजर, म्हणजे आतला कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी, उघडला आणि मला बोटानं दाखवलं. मशीन सुरू होताना डिस्क १०० टक्क्यांवर, प्रोसेसर जेमतेम २० वर. म्हणजे प्रोसेसर वाट बघत बसला होता आणि हार्ड डिस्कची तबकडी फिरून फिरून थकली होती. अशा डिस्कचा वेग चांगल्या वेळी सेकंदाला शे-दीडशे एमबी, आणि बारीक बारीक फाइली शोधायच्या असल्या की तो फारच खाली येतो. साध्या साटा एसएसडीचा ५५० पर्यंत जातो आणि तिच्यात फिरणारं काहीच नसतं. अडीच हजारांच्या आत एसएसडी बसवली. पहिलं अक्षर २६ सेकंदांत! मला खरोखर भरून आलं, दोन-तीन वर्षं मी उगाच त्या मशीनला बोल लावत होते. पण स्मरणिकेची पीडीएफ ४ मिनिटांवरून साडेतीनावरच आली. ते काम प्रोसेसरचं, तिथं डिस्क बदलून फारसा फरक पडत नाही. हा भेद मला कुठल्याच दुकानात कुणी सांगितला नव्हता.

मग आम्ही बेळगावला गेलो. खडे बाजारापासून टिळकवाडीपर्यंत हिंडलो. एका दुकानात पेनड्राइव्ह लावू दिला नाही, व्हायरसची भीती म्हणून. त्यांचंही बरोबर आहे. दुसऱ्या दुकानातला पोरगा मात्र उत्साहाचा निघाला.

टॅबवर २०० पानांची पीडीएफ माझ्या जुन्या मशीनपेक्षा झटकन उघडली, हे मान्य करायलाच हवं. मराठी मजकूरही नीट. पण पत्रिकेची फाइल उघडली आणि कन्नड बाजूला इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. जुन्या फाइली नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, कुठंही सारखीच अक्षरं दाखवणाऱ्या युनिकोडमध्ये नाहीत. तो फॉन्ट नसला की क च्या जागी भलतंच दिसतं. माझ्याकडे असल्या शेकडो फाइली पडल्यात, टॅब तिथंच बाद. फोन सलग किती राबतो तेही बघावं म्हणून भाच्याच्या फोनवर एकच व्हिडिओ तीनदा लागोपाठ एक्सपोर्ट करून बघितला. पहिल्यांदा ५० सेकंद, तिसऱ्यांदा ७० च्या वर, आणि फोनची पाठ तव्यासारखी. आत पंखा नाही, तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. थोड्या वेळाच्या कामाला फोन उत्तम, तासभर सलग राबवायला नाही.

खरा घोळ लॅपटॉपचा होता. टेबलावर दोन शेजारी शेजारी, किमती जवळजवळ सारख्या, दोन्ही ४० हजारांच्या आत. दोन्हींत एएमडी कंपनीचा प्रोसेसर. एक रायझन ५ ५५००यू, आधीच्या स्टॉकमधला. दुसरा रायझन ५ ७५२०यू. "अक्का, ह्यो घ्या, नंबर मोठा हाय, नवीन हाय," पोरगा म्हणाला. मी दोन्हींवर स्मरणिका लावली. जुन्या नंबरवाल्यानं १ मिनिट ४० सेकंदांत काढली, नव्यानं अडीच मिनिटांच्या आसपास. पोरगाही चकित झाला. भाच्यानं तिथंच शोधलं: ५५००यू मध्ये सहा कोर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे सहा भाग, ७५२०यू मध्ये चारच, आणि दोन्हींच्या आतली रचना एकच, झेन २. त्या नव्या नावात पहिला आकडा वर्षाचा असतो, आतली पिढी तिसरा आकडा सांगतो. ७५२०, तिसरा आकडा २. शिवाय त्यातली रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, पुढं वाढवता येत नाही. ५५००यू वाल्यात रॅमची एक जागा रिकामी होती.

शेवटची परीक्षा रंगाची. पिशवीतून छापलेली पत्रिका काढली आणि पडद्याला लावून धरली. कागदावरचा कुंकवाचा लाल पडद्यावर विटकरी दिसला, हळदीचा पिवळा फिका. दोन्ही लॅपटॉपवर तेच. माहितीच्या कागदावर ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं होतं, म्हणजे पडदा किती रंग दाखवू शकतो त्याचं माप, या किमतीत बहुतेक तसाच पडदा येतो. गिऱ्हाईक पत्रिकेतला लाल बघूनच पैसे देतं, त्यामुळे इथं मी बराच वेळ अडले. शेवटी दुकानातला माझा मॉनिटर आठवला. त्याचे रंग चांगले आहेत आणि लॅपटॉपला एचडीएमआय आहेच. पडद्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज उरली नाही.

५५००यू घेतला. ५१२ जीबीची डिस्क विंडोज ४७६ दाखवतं. यात फसवणूक नाही, कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज १०२४ नं. जुनं मशीनही ठेवलं. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट तेव्हा ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिले होते, त्यात नाव नोंदवलं. टायपिंग आणि प्रिंट तिथं, पीडीएफ आणि अर्ज लॅपटॉपवर.

एक फायदा मी हिशेबातच धरला नव्हता. आमच्याकडे पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो. जुना प्रोसेसर ६५ वॅटचा, वर मॉनिटर. यूपीएस दहा मिनिटांत ओरडायला लागतो आणि त्याची बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. लॅपटॉपचा प्रोसेसर १५ वॅटचा. नोव्हेंबरात एका संध्याकाळी जांबोटीकडचे मामा-मामी पत्रिकेचं प्रूफ वाचायला आले आणि लाईट गेली. लॅपटॉप मांडीवर घेतला, मामींनी ओळीवर बोट ठेवलं, "वेलांटी दुसरी पाहिजे ग." केली. मग कन्नड बाजू मामांनी वाचली, सावकाश, प्रत्येक नाव मोठ्यानं उच्चारून. लाईट सव्वा तासानं आली, तोवर प्रूफ पक्कं झालं होतं. प्रिंटर लावला आणि ३०० प्रती काढायला घेतल्या.