शोधपेटीतला कापूसकोंड्या

मराठीत ‘तिरपागडा’ असा एक फार सुरेख शब्द आहे. गेल्या पावसाळ्यात एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करीत असताना ‘अस्क्यू’ या शब्दासाठी तो वापरावा की साधे ‘तिरके’ पुरेल, या विचारात मी रात्री बराच वेळ अडकून पडलो होतो. कोशांनी समाधान होईना, तेव्हा तो इंग्रजी शब्द गूगलच्या शोधपेटीत टाकला आणि उत्तराची वाट पाहू लागलो. उत्तर आले, पण ते वाचताना मान किंचित उजवीकडे झुकू लागली. आधी चष्म्यावर संशय घेतला, तो पुसून पुन्हा चढवला. मग लॅपटॉपखाली एखादे पुस्तक राहिले असेल म्हणून पाहिले. शेवटी आमच्या टेबलाचा एक पाय मुळातच आखूड आहे हे आठवले आणि वर्तमानपत्राची चौपदरी घडी करून त्या पायाखाली सारली. टेबल डुगडुगायचे थांबले, पान मात्र तसेच कलंडलेले राहिले. दुसरा शब्द शोधला, तर पान सरळ! पुन्हा ‘अस्क्यू’ टाकला, की स्वारी कलली. ते यंत्र मला शब्दाचा अर्थ सांगत नसून करून दाखवत आहे, हे माझ्या लक्षात आले तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि घरात हे सांगावे असे कोणीही जागे नव्हते.

सकाळी हा वृत्तान्त मी सहावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीला मोठ्या गांभीर्याने ऐकवला. “अरे मामा, ती गंमत आहे,” ती म्हणाली, आणि माझ्या हातातला लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेत तिने विचारले, “तुला अजून एक दाखवू?”

या प्रकाराला इंग्रजीत ‘ईस्टर एग’ म्हणतात. ईस्टरच्या सणाला रंगवलेली अंडी बागेत लपवून मुलांना ती शोधायला लावण्याची जी प्रथा आहे, तिच्यावरून हे नाव पडले. मराठीत त्याला प्रतिशब्द घडवण्याची खटपट कोणी करू नये, असे माझे मत आहे, कारण भाचीने वापरलेला शब्दच अचूक आहे. लहानपणी घरी आलेले काका मूठ बंद करून “तुला एक गंमत दाखवू?” असे म्हणत, तेव्हा त्या मुठीत लिमलेटची गोळी आहे की नुसती हवा, यापेक्षा मूठ बंद असणे हेच महत्त्वाचे असे.

संगणकाच्या जगात हे नाव रूढ होण्यामागची कथा मात्र थोड्या रुसव्याची आहे. १९७९च्या सुमारास अटारी कंपनीत वॉरन रॉबिनेट नावाचा तरुण ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा व्हिडिओ गेम एकट्याने लिहीत होता. खेळ कोणी रचला हे खेळावर छापायचे नाही, अशी कंपनीची रीत होती. रॉबिनेटने कोणाला न सांगता खेळातल्या चक्रव्यूहात एक गुप्त खोली बांधली. पार्श्वभूमीच्याच रंगाचा, जेमतेम दिसेल न दिसेल असा एक ठिपका शोधून तो योग्य जागी नेला, तरच त्या खोलीत जाता येई आणि आत भिंतीवर झळकत असे ‘निर्मिती : वॉरन रॉबिनेट’. तो नोकरी सोडून गेल्यानंतर अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीतल्या एका मुलाने ती खोली शोधली आणि कंपनीला पत्र लिहून कळवले. बाजारात गेलेला खेळ दुरुस्त करणे खर्चाचे होते. शेवटी अटारीतल्याच स्टीव्ह राइट यांनी असे सुचवले, की हे असेच राहू द्यावे, ही तर ईस्टरची अंडी शोधण्यासारखी मौज आहे. नाव लपवून ठेवणाऱ्या मालकावर नाव लपवून ठेवूनच केलेली ही कुरघोडी मला अत्यंत आवडते.

भाचीने दाखवलेली दुसरी गंमत ‘रिकर्शन’ या शब्दाची होती. एखादी कृती करताना तीच कृती पुन्हा आतून बोलावणे, याला संगणकशास्त्रात हे नाव आहे. हा शब्द शोधला, की आपण लिहिताना चूक केली असावी अशा सुरात गूगल नम्रपणे विचारते, “तुम्हाला ‘रिकर्शन’ म्हणायचे होते का?” आपण ‘हो बाबा, तेच’ म्हणून त्यावर टिचकी मारावी, तर पुन्हा तेच पान आणि पुन्हा तोच प्रश्न. मी चार वेळा टिचकी मारली आणि पाचव्या वेळी मला हसू फुटले. हा तर आमचा कापूसकोंड्या! मी लॅपटॉप मिटला आणि तिला विचारले, “तुला कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?”

“सांग.”

“सांग काय म्हणतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?”

“हो, सांग ना.”

“हो, सांग ना काय म्हणतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?”

तिने अकरा फेऱ्या तग धरला आणि मग उशी फेकून मारली. कॅलिफोर्नियातल्या अभियंत्यांना जी कल्पना सुचली म्हणून जग कौतुक करते, ती आपल्या आज्यांनी जेवण टाळणाऱ्या आणि झोप येत नसलेल्या नातवंडांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरली आहे. त्यासाठी त्यांना वीजही लागली नाही.

त्यानंतरचे काही दिवस मी भाषांतराचे काम बाजूला ठेवून या गमतींच्या मागे लागलो, हे कबूल केले पाहिजे. ‘डू अ बॅरल रोल’ असे लिहिले, की निकालांचे अख्खे पान कोलांटी घेऊन पुन्हा सरळ उभे राहते. २०११ साली ही करामत आली तेव्हा लोकांनी ती एकमेकांना दाखवत सुटावे इतकी ती गाजली. १९९७ सालच्या एका जपानी व्हिडिओ गेममध्ये अनुभवी ससा तरुण वैमानिकाला जो सल्ला देतो, तो तिचा उगम. विमानविद्येची जाण असलेले लोक यावर नाक मुरडतात. त्यांच्या मते पान जे करते ती खरी बॅरल रोल नव्हेच, कारण तीत विमानाने पिंपाच्या आतल्या बाजूने जावे तसा वळसा घेत पुढे सरकायचे असते. एवढ्या थोर कोलांटीतही व्याकरणाची चूक काढणारे भेटतात, हे पाहून मला आपल्याकडचे शुद्धलेखनाचे वाद आठवले आणि घरी असल्यासारखे वाटले.

मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते मात्र एका रुक्ष दिसणाऱ्या उत्तराने. ‘वन्स इन अ ब्ल्यू मून’ हा इंग्रजी वाक्प्रचार आपण ‘क्वचित कधीतरी’ या अर्थाने वापरतो. तो शोधपेटीत टाकला, तर गूगलचे गणकयंत्र उघडते आणि शांतपणे सांगते, की त्याची किंमत १.१६६९९०१६ गुणिले १० चा उणे आठवा घात, इतके हर्ट्झ आहे. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती वेळा. मी वहीत हा आकडा उलटा केला, तेव्हा साधारण ८ कोटी ५७ लाख सेकंद आले, म्हणजे सुमारे दोन वर्षे साडेआठ महिने. महिन्यांत मांडून पाहिले तर साडेबत्तीस. हा आकडा कुठेतरी भेटलेला आहे असे वाटत राहिले आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे नजर गेली तेव्हा उलगडा झाला. अहो, हा तर धोंड्याचा महिना! चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी साचणारी अकरा दिवसांची ही तफावत आपले पंचांग साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक मास घालून भरून काढते. इंग्रजी दिनदर्शिकेला महिना वाढवण्याची सोय नाही, त्यामुळे तोच शिल्लक राहिलेला चंद्र तिथे एका महिन्यातली दुसरी पौर्णिमा होऊन उगवतो आणि ‘ब्ल्यू मून’ म्हणवला जातो. दोन्हींचा हिशेब एकच, १९ वर्षांत ७ वेळा. फरक इतकाच, की इंग्रजाने त्या चंद्राच्या नावाशी दुर्मिळतेचा वाक्प्रचार जोडला आणि आपण जावयाला तेहतीस अनारसे दिले. वास्तविक आपल्याकडे दुर्मिळतेसाठी कपिलाषष्ठीचा योग आहे आणि तो याहून कितीतरी टंचाईचा आहे. ज्याला अडीच-पावणेतीन वर्षांनी अनारसे मिळतात त्या जावयाला ‘क्वचित’ या शब्दाचे मोल वेगळे वाटत असणार, हे मी जावई या नात्याने सांगू शकतो.

पान कलंडवणारे, प्रश्न फिरवून विचारणारे हे लोक कोण असतील, असा विचार त्या दिवसांत माझ्या मनात येत असे. त्यांची नावे पानावर कुठेच नाहीत. या गमतींमुळे कोणाचे काम वेगाने होत नाही की कोणाचा माल अधिक खपत नाही. काही वर्षांपूर्वी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात आमच्या वाटाड्याने बॅटरीचा झोत एका खांबाच्या शीर्षावर टाकला होता. तिथे चार हरणे कोरली आहेत आणि चौघांना मिळून डोके एकच आहे. कोणत्याही हरणाच्या बाजूने पाहा, ते डोके त्याचेच वाटते. बाजूलाच पद्मपाणीचे जगद्विख्यात चित्र आहे, बुद्धाच्या जीवनाचा आणि जातकांचा सगळा गंभीर विस्तार आहे, आणि त्यातच कोणा अनामिक कारागिराने, दगड जपून वापरावा तशी, ही एक खोडी करून ठेवली आहे. माझ्या मते ‘रिकर्शन’ची गंमत आणि ती हरणे यांचे गोत्र एकच आहे.

म्हणूनच, यातल्या काही गमतींबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. २०१९ साली एका सुपरहिरोपटाच्या प्रदर्शनाच्या वेळी खलनायकाचे नाव शोधले, की शेजारी सोनेरी हातमोजा दिसे आणि त्यावर टिचकी मारताच निम्मे निकाल धूळ होऊन उडून जात. करामत देखणी होती, पण तिची दवंडी आधीच पिटलेली होती. मूठ उघडण्यापूर्वीच आत काय आहे ते सांगितले, तर उरते ती जाहिरात. त्या मानाने २०२२च्या दिवाळीतली पणती मला अधिक भावली. ‘दिवाली’ असे शोधले, की एक पणती दिसे, तिला स्पर्श करताच पान अंधारे आणि आपल्या बोटाखालची ज्योत एकेका विझलेल्या पणतीजवळ न्यावी, तशी ती उजळे. आमच्या सोसायटीत त्या वर्षी विजेच्या माळांखेरीज काही दिसले नव्हते, त्यामुळे ज्योतीने ज्योत लावण्याचा तो प्रकार मला फोनवरच करावा लागला.

शोधयंत्राच्या सख्ख्या भावाकडे, म्हणजे क्रोम ब्राउझरकडेही अशीच एक वस्तू आहे आणि ती भारतीयांना विशेष परिचित असण्याचे कारण अभिमानाचे नाही. इंटरनेट गेले, की पानावर एक छोटा डायनोसॉर उभा दिसतो. कळ दाबली, की तो वाळवंटातून धावू लागतो आणि आपण त्याला निवडुंगांवरून उड्या मारायला लावायच्या. इंटरनेटविना माणूस थेट प्रागैतिहासिक काळात जातो, हा त्यातला विनोद. २०१४ साली आलेला हा खेळ २०१८पर्यंत महिन्याला २७ कोटी वेळा खेळला जात होता आणि खेळणारे प्रामुख्याने जिथे जोडणी बेभरवशाची वा महाग आहे अशा भारत, ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया या देशांतले होते. तो पूर्ण व्हायला सुमारे १ कोटी ७० लाख वर्षे लागावीत, अशी त्याची रचना आहे, असे त्याच्या कर्त्यांनी सांगितले आहे. आमच्याकडे एकदा तीन दिवस जोडणी नव्हती आणि ‘आज संध्याकाळपर्यंत येईल’ हे उत्तर मी रोज ऐकत होतो, तेव्हा तो आकडा मला अवास्तव वाटला नाही.

खंत एकाच गोष्टीची आहे. ‘तिरपागडे’ हा शब्द मी पुन्हा पुन्हा शोधून पाहिला, पान ताठ उभे राहिले. ‘विलोमपद’, म्हणजे उलटे वाचले तरी तेच राहणारे शब्द, असे टाकून पाहिले, वाटले, निदान ‘चिमा काय कामाची’ असे उलटसुलट काही विचारेल. नाही. ‘अ‍ॅनाग्रॅम’ या इंग्रजी शब्दावर मात्र तेच यंत्र, त्याच अक्षरांची उलटापालट करून, ‘एखाद्या एडक्यामागे भुणभुण लावा असे म्हणायचे होते का?’ अशा अर्थाचा प्रश्न विचारते. आपली भाषा कोट्यांत इंग्रजीला हार जाणारी नाही, पण त्या खांबापाशी छिन्नी घेऊन बसलेला मराठी कारागीर अजून कोणाला दिसलेला नाही. हे सगळे मी भाचीला बोलून दाखवले. तिने ऐकल्यासारखे केले नाही.

महिन्याभराने तिने मला एक दुवा पाठवला. शाळेत त्यांना ‘स्क्रॅच’ शिकवतात. ठोकळे एकमेकांना जोडून मुलांनी प्रोग्रॅम रचावेत म्हणून एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाने बनवलेली ही भाषा आहे आणि तिच्यात एक नारिंगी मांजर आपल्या हुकमाची वाट पाहत उभे असते. मी दुवा उघडला, तर मांजराने विचारले, “कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?” मी खालच्या चौकटीत ‘सांग’ असे लिहिले. “सांग काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?” मी ‘नको’ लिहिले, ‘थांब’ लिहिले, तिचे नाव लिहिले, तिच्या आईचे लाडके विशेषण लिहिले. मांजर प्रत्येक शब्दाला ‘काय म्हणतोस’ जोडून परत करीत राहिले. अखेर कंटाळून, दुसरे काही सुचेना म्हणून, मी ‘तिरपागडे’ असे लिहिले.

मांजर काही बोलले नाही. ते पंधरा अंशांत कलले आणि तसेच राहिले.

टेबलाच्या पायाखालची ती घडी मी अजून काढलेली नाही.