दोन विटांची भट्टी

ट्रकचा ब्रेकड्रम भंगारात किलोवर मिळतो आणि व्हिडिओ पाहून लोहारकाम शिकायला निघालेल्या प्रत्येकाला भट्टीसाठी तो हवाच असतो. आमच्या पॉलिटेक्निकच्या मुलांनीही कोल्हापुरातून तोच उचलून आणला. सोळा इंच व्यासाचा, दोघांनी धरून टेम्पोतून उतरवावा लागला असा.

मी वर्कशॉपमध्ये स्मिथी, म्हणजे लोहारकाम, आणि वेल्डिंग शिकवतो. शेडच्या दुरुस्तीत आमची जुनी विटांची भट्टी गेली आणि स्मिथीचा जॉब म्हणजे गॅसच्या ज्योतीवर सळई लाल करून वाकवायची, एवढंच उरलं. मला ते पटत नव्हतं. आग राखणं हे लोहारकामातलं निम्मं काम, आणि ते टॉर्च हातात धरून येत नाही. विभागप्रमुखांची परवानगी काढली आणि एका बॅचला प्रोजेक्ट म्हणून कोळशाची छोटी भट्टी करायला दिली.

रचना सगळीकडे असते तीच. ड्रमच्या मधल्या भोकावर सळयांची जाळी, खाली दोन इंची पाइपाची टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड. टीच्या आडव्या तोंडाला हाताने फिरवायचा पंखा, खालच्या तोंडाला राख पाडायचं झाकण. मुलांनी पाइप आणला जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला. तो मी दुकानात परत पाठवला. जस्त ९०७ अंशांना उकळतं, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. बिनमुलाम्याचा काळा पाइप थोडी शोधाशोध केली की मिळतो. ऐरण म्हणून रुळाचा तुकडा होता. मीटरला ५२ किलोचा रूळ, म्हणजे फूटभर तुकडा सोळा किलोच्या आसपास. तो आडवा न ठेवता ओंडक्यात उभा रोवला. घाव पडतो त्याच्या बरोबर खाली जितकं वजन असेल तितकी ऐरण कमी उसळते. ठोकायची जागा लहान होते, पण नवशिक्याला ती पुरते.

कोळशाचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा. चंद्रपूर-वणीकडचा कोळसा जळतो ठीक, पण तापल्यावर तुकडे एकमेकांना चिकटून त्याचा कोक, म्हणजे धूर निघून गेलेला कडक सच्छिद्र कोळसा, होत नाही, आणि राख भरपूर. झरियाचा चिकटतो, त्याची आगीवर छान घुमटी होते, पण किरकोळीत तो आमच्याकडे सहज येत नाही. कोल्हापुरात फौंड्र्या असल्यामुळे हार्ड कोक मात्र पोत्याने मिळतो. त्याला धूर नाही, आच प्रचंड. फक्त पेटायला हट्टी, आणि वारा थांबला की लगेच मान टाकतो. आम्ही पेटवायला लोणारी (लाकडाचा) कोळसा, वर दगडी कोळसा आणि मूठमूठ कोक असं मिश्रण ठरवलं.

पेटवण्याच्या दिवशी मी जवळच्या गावातल्या एका लोहारमामांना बोलावलं होतं. दिवस चुकीचा होता खरं तर. गळीत हंगाम तोंडावर, ऊसतोडीच्या टोळ्या उतरायला लागलेल्या, त्यांच्या दारात कोयत्यांचा ढीग. तरी आले. सकाळभर एका कोपऱ्यात स्टुलावर बसून मुलांची धांदल बघत राहिले, एक अक्षर बोलले नाहीत.

ड्रमभर कोळसा पसरून मुलांनी जाळ केला. दिसायला जाळ मोठा. त्यात दहा एमएमची सळई घातली. ती लाल झाली, पण लालच राहिली. पंखा जोरात फिरवला, ठिणग्या उडाल्या, निम्मं पोतं खलास झालं, सळईचा रंग काही चढेना. बाहेर काढून ठोकली तर वरून काळे पोपडे गळायला लागले.

“सर, ही भट्टी न्हाई, परात हाय,” मामा म्हणाले. “इस्तू समद्या परातीत पसरलाय. लोखंडाच्या वाट्याला किती आला?”

मग त्यांनी दोन विटा मागितल्या. वेल्डिंगच्या टेबलावरच्या फायरब्रिक, म्हणजे आच सोसणाऱ्या विटा, दिल्या. जाळीच्या दोन्ही बाजूंना त्या उभ्या लावल्या, मध्ये चार इंचांची खाच ठेवली, विटांमागे ओला केलेला कोळशाचा चुरा थापला. कोळसा फक्त खाचेत, पण वर शीग येईपर्यंत. “आता हळू फिरवा. पळायचं न्हाई.”

मी फळ्यावर जे शिकवतो ते त्या खाचेत डोळ्यांना दिसत होतं. खालून येणाऱ्या हवेतला ऑक्सिजन तळच्या कोळशातच संपायला हवा. त्यासाठी चार-पाच इंच पेटलेला थर लागतो आणि सळई त्या थराच्या वर, आडवी, कोळशाने झाकून ठेवायची. थर उथळ असला की उरलेला ऑक्सिजन थेट लोखंडाला भिडतो आणि त्याचे पोपडे होतात. अशा वेळी जोरात वारा देणं म्हणजे पोपडे वाढवणं. थोड्याच वेळात सळई नारिंगी झाली, मग पिवळी. एका मुलीने स्पीकरमधला चुंबक तारेला टांगून आणला होता. ७७० अंशांच्या वर लोखंड चुंबकाला ओळखत नाही, हे तिला स्वतः बघायचं होतं. बघितलं. मामांनाही ते नवीन होतं. त्यांनी चुंबक मागून घेऊन दोनदा लावून पाहिला.

एवढ्यात पंख्यावरच्या मुलाने फोटो काढायला हात सोडला. नव्या दगडी कोळशाचा पिवळट धूर घुटमळला आणि काही वर जायच्या ऐवजी पाइपात उतरला. फोटो झाल्यावर त्याने पुन्हा दांडा फिरवला तसा ‘धप्प’ आवाज झाला, खालचं झाकण उडालं आणि राख त्याच्या बुटांवर. कोळशाचा वायू हवेत मिसळून पाइपात साठतो आणि वारा सुरू होताच आगीला लागतो. जुन्या काळी यानेच चामड्याचे भाते फाटत. कोणाला काही लागलं नाही, सगळ्यांचे गॉगल डोळ्यांवर होते. मामा हसले देखील नाहीत. “वारा थांबवायचा असंल तर आधी खालचं तोंड उघडायचं,” एवढंच. ते वाक्य मी प्रोजेक्ट रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहायला लावलं. बाकी रिपोर्ट त्यांनी इंटरनेटवरून उतरवला असेल तरी माझी हरकत नाही.

जेवणानंतर आग मंदावली. आकडा घालून जाळीवरून खंगराचा, म्हणजे वितळून गोठलेल्या राखेचा, चकचकीत ढेकूळ काढला, हवा मोकळी झाली. चुंबकवाल्या मुलीने सळईचा चौकोन ठोकला, टोक निमुळतं केलं आणि पहिला एस-हूक तिचाच झाला. वाकडा आहे, पण पोपडे नाहीत त्यावर.

संध्याकाळी आग विझवताना एकाने बादली उचलली, ती मात्र मी धरली. ड्रम ओतीव लोखंडाचा, तापलेल्यावर पाणी पडलं की तडकतो. कोळसा पसरून ठेवायचा, आपोआप निवतो.

भट्टी सध्या शेडच्या दारात असते, कारण आगीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. धुराड्याचा प्रस्ताव मी कार्यालयात दिला आहे. तो मंजूर होईपर्यंत पावसाळ्यात स्मिथीऐवजी फिटिंगचे जॉब घेणार.