तुम्ही विचारलंत म्हणून: खाण्यामुळे की टेन्शनमुळे?

माझ्या कोपरांवरचे सोरायसिसचे चट्टे दिसले की लोक दोनच गोष्टी विचारतात. "काय खाता?" आणि "टेन्शन फार घेता का?" ऑफिसात, लग्नात, एसटीच्या शेजारच्या सीटवरून. विचारणारे बहुतेक आपुलकीनेच विचारतात. तरी 18 वर्षांत मी सरळ उत्तर दिलेलं नाही. "हो, जरा पथ्य चुकतं," असं म्हणून विषय बदलत आलो. खरं तर पथ्य चुकलेलं नव्हतं.

वांगं सोडलं. आंबट, अंडी, मासे, दही सोडलं. कोणीतरी छातीठोकपणे सांगितलं म्हणून आठ महिने अळणी जेवलो. बायको माझी भाजी आधी काढून ठेवायची आणि मग बाकीच्यांच्या भाजीत मीठ घालायची. मी वही केली होती: डाव्या पानावर काय खाल्लं, उजव्या पानावर कुठला चट्टा वाढला. उत्तर त्या वहीतून निघेल अशी माझी खात्री होती.

2017 च्या जुलैत आण्णा गेले. निरोप आला तसे आम्ही निघालो आणि मलमाची ट्यूब पुण्यातच राहिली. वाईच्या घरात अकरा दिवस तळण नाही, गोड नाही. शेजारून आलेला आमटीभात. इतकं साधं जेवण माझ्या वहीत दुसरीकडे कुठेच नोंदलेलं नाही. झोप मात्र दोन-तीन तासांची. आण्णांच्या शेवटच्या महिन्यात मी फक्त दोनदा वाईला गेलो होतो, आणि रात्री तेच डोक्यात फिरायचं.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर आम्हा दोघा भावांचं मुंडण झालं. एकच न्हावी. पाऊस पडत होता, भटजी घाई करत होते. माझ्या डोक्यावर कानामागे दोन आणि माथ्यावर एक असे बारीक छेद गेले. थोडं रक्त आलं, तुरटी फिरवली, विसरून गेलो.

पुण्याला परतल्यावर साधारण दोन आठवड्यांनी आंघोळ करताना बोटाला कानामागे रेघ लागली. नखाने खरवडली तर पांढरी खपली निघाली आणि खाली रक्ताचे टिपके. वस्तरा लागला होता त्याच तीन जागा. महिन्याभरात रेघा रुंद होऊन एकमेकींना मिळाल्या आणि डोक्यावर टोपीसारखा थर बसला. सकाळी उशी झटकली की मूठभर कोंडा पडायचा. मी केस वाढू दिले, काळे शर्ट वापरणं बंद केलं, आणि तेराव्याला भेटलेले नातेवाईक पुन्हा भेटल्यावर म्हणाले, "मनाला फार लावून घेतलंस."

डॉक्टरांनी सांगितलं की याला कोबनर परिणाम म्हणतात, कोबनर नावाच्या त्वचातज्ज्ञावरून. 19व्या शतकातल्या या जर्मन त्वचातज्ज्ञाच्या एका रुग्णाला घोडा चावलेल्या जागी आणि गोंदलेल्या जागी सोरायसिस उठला होता. ज्याच्या अंगात हा आजार आहे, त्याची कातडी दुखावली की तिथे चट्टा येऊ शकतो. एरवी कातडी बदलायला महिनाभर लागतो, ते काम तिथे चार-पाच दिवसांत उरकतं आणि अर्धीकच्ची कातडी थरावर थर साचते. भावाला त्याच वस्तऱ्याने काही झालं नाही.

मग कारण काय? वस्तरा? राहिलेलं मलम? जागरण? आण्णा? मी त्या वेळी ठासून सांगायचो: वस्तरा, बाकी काही नाही. मनाचा संबंध मान्य केला तर मी कमकुवत ठरतो असं वाटायचं. आज तितकं ठासून म्हणवत नाही. ताणात कातडीतले मज्जातंतू काही रसायनं सोडतात आणि तिथल्या प्रतिकारपेशी चवताळतात, हे खरं आहे. 1998 मध्ये अमेरिकेत 37 सोरायसिस रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रकाशोपचार घेताना ज्यांना ध्यानाची टेप ऐकवली, त्यांची कातडी इतरांपेक्षा लवकर निवळली. मीही चष्मा लावून त्या निळ्या दिव्यांच्या कपाटात उभा राहिलो आहे. टेप नव्हती, सेकंद मोजायचो.

खाण्याचंही तसंच. नऊ किलो वजन उतरल्यावर माझे कोपरांवरचे चट्टे पातळ झाले, हे मी नाकारत नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने फरक पडतो, दारूने बिघडतं, असं डॉक्टरही सांगतात. पण त्या आठ महिन्यांच्या अळणी जेवणाने काही झालं नाही. वही तीनदा वाचली. डाव्या पानाचा उजव्याशी मेळ बसत नाही.

मला त्रास होतो तो प्रश्नातल्या गृहीताचा. "काय खाता?" म्हणजे तुम्हीच काहीतरी चुकताय. "टेन्शन घेऊ नका" म्हणजे तेही तुमच्याच हातात. हे दिवसातून दोनदा ऐकणाऱ्या माणसाला टेन्शन येणार नाही तर काय होईल?

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी वहिनीने कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली वांगी केली. आण्णांची आवडती. सहा वर्षांनी खाल्ली, दोनदा वाढून घेतली. पुढचे आठ दिवस काही उठलं नाही. पण ते आठही दिवस मी सकाळी दिवा लावून आरशात कानामागे बघत होतो.