अनोळखी नंबर उचलावाच लागतो तेव्हा

अनोळखी नंबर उचलूच नका, असं हल्ली जो तो सांगतो. माझं घर मात्र अनोळखी नंबरांवरच चालतं. अजनीतून मी धंतोली आणि रामदासपेठेतल्या दवाखान्यांत डबे पोचवते. गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून लोक पेशंट घेऊन नागपूरला येतात, वॉर्डातल्या कुणाकडून तरी माझा नंबर मिळवतात आणि विचारतात, "ताई, बाबांचं ऑपरेशन झालं, मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण भेटेल का?" हा फोन हुकला तर त्या माणसांची रात्र चहा-बिस्किटावर जाते. त्यामुळे अनोळखी कॉल सरसकट बंद करायची फोनमधली सोय माझ्या उपयोगाची नाही.

आणि नेमके पोळ्यांच्या वेळेला प्लॉटवाले. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. वर्धा रोडला लेआउट, उमरेड रोडला लेआउट, मिहानच्या पुढे लेआउट, समृद्धी महामार्गाजवळ फार्महाऊस. "ताई, प्लॉट पाहून तं घ्या, पैसे आता नका देऊ, गाडी पाठवतो." त्यांच्या मागून कर्ज, क्रेडिट कार्ड, विमा, कोचिंग क्लास. एका दुपारी असाच कॉल चालू असताना एका पेशंटच्या मुलीचा फोन वेटिंगवर वाजून कटला. मी उलट फोन केला तोवर तिने दुसरीकडे सांगून टाकलं होतं. त्या दिवशी मी हे प्रकरण तडीस न्यायचं ठरवलं.

सुरुवात १९०९ पासून केली. नको असलेल्या जाहिरातींचे कॉल आणि मेसेज बंद करायचा हा नंबर. इंग्रजीत 'स्टार्ट' लिहून, जागा सोडून शून्य टाकायचं आणि मेसेज १९०९ ला पाठवायचा. पैसे लागत नाहीत. शून्य म्हणजे सगळ्या जाहिराती बंद. प्रकार निवडायचे असतील तर १ ते ८ आकडे आहेत: बँक-विमा १, घर-जमीन २, शिक्षण ३ असे. मी शून्यच टाकला. बँकेचा ओटीपी, गॅस सिलिंडरचा मेसेज थांबेल अशी धास्ती होती, पण ते येतच राहतात. व्यवहाराचे मेसेज या बंदीत धरत नाहीत.

मेसेज खरंच ओसरले. आता पाठवणाऱ्याच्या नावापुढे शेवटी एक अक्षर असतं, तेही मी बघायला शिकले. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. बंदी असताना पीवाला मेसेज आला की तो तक्रारीला पात्र.

कॉल मात्र सुरूच राहिले, आणि त्याचं कारण कळायला मला वेळ लागला. नियमानुसार जाहिरातीचा कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवा, बँकांचा वगैरे सेवेचा १६०० वरून. डीएनडी, म्हणजे १९०९ वर जाहिराती बंद केलेल्यांची यादी, ज्यांनी तपासायची, ते हे नोंदणी केलेले लोक. प्लॉटवाले साध्या दहा आकडी मोबाइलवरून फोन लावतात. ते नोंदणीतच नाहीत, तर यादी कशाला तपासतील? मी ब्लॉक करायची आणि दुसऱ्या दिवशी तीच पोर वेगळ्या नंबरवरून बोलायची. तिच्यावर मी कधी आवाज चढवला नाही. नंबर कुठून मिळाला विचारलं तर म्हणाली, "लिस्टमध्ये आहे ना ताई, आम्हाला तं सकाळी लिस्टच देतात." तिचंही पोटच आहे. जबाबदारी लिस्ट देणाऱ्याची.

ब्लॉक केल्याने फक्त माझा फोन गप्प होतो, त्यांचं सिम चालूच राहतं. सिमपर्यंत पोचते ती तक्रार. जाहिरातींच्या कॉल-मेसेजबद्दलच्या २०१८ च्या नियमांत ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, फेब्रुवारी २०२५ मध्ये जे बदल केले, ते मला फार मोलाचे वाटतात. पूर्वी तक्रारीला ३ दिवस मिळायचे, आता ७ मिळतात. नोंदणी नसलेल्या नंबराविरुद्ध तक्रार करायला तुमची डीएनडी नोंदणीही लागत नाही. कॉल करणाऱ्याचा नंबर, तुमचा नंबर, तारीख आणि थोडक्यात काय झालं, एवढं पुरतं. माझ्या मोबाइल कंपनीच्या ॲपमध्ये ही सोय सापडली. १९०९ वरही तक्रार घेतात.

खरी गोम पुढे होती. अशा नंबरावर कारवाई सुरू व्हायला १० दिवसांत ५ तक्रारी लागतात. मी एकटी किती करणार? मग आठवलं, ज्यांना फोन उचलावाच लागतो अशी माणसं आमच्या धंतोलीत पावलोपावली आहेत. रुग्णवाहिका चालवणारे भाऊ, लॉजवाले काका, औषधाच्या दुकानातला दादा, रक्त तपासायला घरी जाणारी ताई. संध्याकाळच्या डब्यांच्या फेरीत मी प्रत्येकाला थांबवून विचारलं. नंबर ताडून पाहिले तर बऱ्याच जणांना तेच आकडे आले होते! रुग्णवाहिकावाले भाऊ सगळ्यांत जास्त चिडलेले होते. "पेशंट गाडीत असते जी, आन् हा विचारते प्लॉट पायजे का." मी त्यांच्याच फोनवर तक्रार कशी टाकायची ते दाखवलं, मग त्यांनी इतरांना दाखवलं.

पहिल्यांदा सापडलेल्या नंबराची बाहेर जाणारी सेवा १५ दिवस बंद होते. पुन्हा सापडला तर त्याच्या नावावरची सगळी कनेक्शनं वर्षभर जातात. आमच्या यादीतले काही नंबर गप्प झाले. एका तक्रारीला उत्तर आलं की तुम्ही संमती दिलेली आहे. मी ती संमती कधी, कुठे दिली ते लेखी मागितलं आणि सोबत संमती मागे घेत असल्याचंही कळवलं. एकदा नकार दिल्यावर ९० दिवस ते पुन्हा संमती मागू शकत नाहीत, आणि एखाद्या व्यवहारापुरती दिलेली संमती ७ दिवसांपलीकडे चालत नाही. हे माहीत असणं फार कामी आलं.

लॉजवाल्या काकांना 'आज रात्री वीज कापणार' असा फोन आला तो प्रकार निराळा. ती जाहिरात नव्हे, फसवणूक. तिची जागा १९०९ नाही. संचार साथी या सरकारी पोर्टलवर चक्षू नावाची सोय आहे, तिथे कळवायचं. पैसे गेलेच तर एक मिनिट न घालवता १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावायचा.

कॉल पूर्ण थांबलेत असं मी म्हणणार नाही. दिवाळी-दसऱ्याला नवे नंबर उगवतात. पण स्वयंपाकाच्या वेळेत वाजणारा फोन आता बहुतेक वेळा दवाखान्यातला असतो. तुम्ही तक्रार करणार असाल तर कॉलची नोंद फोनमधून पुसू नका. तारीख आणि नंबर तिथूनच घ्यावा लागतो.