लेझरचं पाणी सापडलं, मास्ट ट्यूब गळतेय!

सापडलं एकदाचं! मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं ना, रेस संपवून लेझर (माझी एकट्यानं चालवायची छोटी शिडाची बोट) काठावर ओढली अन बंग (आतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच) काढला की पाणी निघतंच, ते कुठून शिरतंय हे कळलं: मास्ट ट्यूब, म्हणजे शिडाचा खांब (मास्ट) ज्या नळीत उभा राहतो ती. सगळ्यांचा संशय बेलरवर (बसायच्या जागेतलं पाणी बाहेर सोडणारी झडप) होता, नवा मागवणारच होतो, ते आता कॅन्सल.

रविवारी विष्णुपुरीला (नांदेडजवळचं गोदावरीवरचं धरण) वारा मस्त होता. पहिल्या रेसला स्टारबोर्ड टॅकवर (वारा उजवीकडून घेत) स्टार्ट लाइनच्या पार टोकाला मोकळी जागा मिळाली, किकर (शिडाखालचा दांडा खाली ओढणारी दोरी) टाइट केला अन वरच्या बॉयला चक्क दुसरा पोचलो! लई भारी वाटलं. पण दुसऱ्या रेसपासून बोट जड. टॅक मारला (बोट वाऱ्यातून वळवली) की पोटात पाणी डुचमळायचं अन नाक लाटेत घुसायचं. लेझरचं हल (नुसता सांगाडा) 59 किलोचं, त्यात बादलीभर पाणी म्हणजे 15 किलो वाढले, मग ती पळणार कशी.

घरी आणून जुन्या टायरांवर ठेवली, बंगच्या भोकात नळी घालून तोंडानं हवा फुंकली अन बेलर, रडरचे (सुकाणूचे) स्क्रू, डेकचा जोड, सगळीकडं साबणाचा फेस लावला. पंक्चरवाले मामा कॉम्प्रेसर घेऊन जा म्हणत होते, पण तो अजिबात लावू नका, एवढ्या प्रेशरनं जोड उकलतो. बुडबुडा कुठंच नाही. मग मास्ट ट्यूब पाण्यानं भरली, पेन्सिलीनं खूण केली, जेवून येऊन बघतो तर पाणी चांगलं चार बोटं खाली!

टॉर्च मारला. तळाशी गोदावरीची बारीक वाळू अन तिच्याखाली चंद्रकोरीसारखी खाच. मास्ट ट्यूबमध्ये सारखा फिरत असतो, खाली वाळू असली की जात्यात दळल्यागत फायबर झिजतं. हे असंच सोडलं तर एखाद्या झोताला मास्ट डेक फाडूनच बाहेर येईल, म्हणून दुरुस्ती होईस्तोवर बोट पाण्यात नाही.

कूलरच्या बॉड्या बनवणारे एक दादा आहेत, हात फार सफाईदार, पण ते पॉलिएस्टर रेझिनच वापरा म्हणतात. माझं मत पक्कं आहे, जुन्या फायबरवर इपॉक्सीच नीट धरतं, महाग पडलं तरी चालेल. फक्त आपल्याकडच्या उन्हात ते कपातच तापून घट्ट होतं, तेव्हा भल्या पहाटे थोडं थोडं कालवायचं. वरूनच तळाला थर द्यायचा असं ठरवलं होतं, पण हे टाइप करताना डोक्यात आलं, पुढच्या डेकला मास्टजवळ इन्स्पेक्शन हॅच (आत हात घालायचं झाकणाचं भोक) बसवला तर आतून ट्यूबच्या बुडाभोवती मॅट (फायबरचं कापड) लावता येईल, शिवाय हल उघडं ठेवून वाळवता येईल. क्लास रूलमध्ये (लेझरच्या रेसच्या नियमांत) हॅच चालतो. मग तेच करतो, आधी हॅच.

तळाला घासू नये म्हणून प्लास्टिकची चकतीही टाकणार आहे. अन तुम्ही सगळे, मास्ट घालायच्या आधी ट्यूब अन मास्टचं बूड दोन्ही स्वच्छ पाण्यानं धुवा, दरवेळी. हॅच कुणी बसवलाय का? भोक पाडायला होल सॉ बरा की जिगसॉ, ते सांगा.