आमची वाटचाल : हौशी ब्लूज वादकांच्या संगतीत

आमच्या दुरुस्तीच्या वहीत पहिल्या पानापासून ‘गिटारचे नाव’ असा एक रकाना आहे. तारीख, वादकाचे नाव आणि तक्रार यांच्या शेजारी तो माझ्या ताईने आखला, कारण गिटार दुरुस्तीचे आमचे दुकान सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या लक्षात आले की हौशी ब्लूज वादक (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांतून आलेले संगीत) गिटार टेबलावर ठेवताना आधी तिची ओळख करून देतो आणि मग तिचे दुखणे सांगतो. या रीतीमागे अमेरिकी ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांची गोष्ट आहे. १९४९च्या हिवाळ्यात आर्कान्सामधल्या ट्विस्ट या गावी ते एका नृत्यगृहात वाजवत असताना दोघांची मारामारी जुंपली, ऊब मिळावी म्हणून पेटवून ठेवलेले रॉकेलचे पिंप कलंडले आणि आग भडकली. बाहेर पडल्यावर गिटार आतच राहिल्याचे त्यांच्या ध्यानात आले आणि ती आणायला ते जळत्या इमारतीत परत शिरले. भांडण लुसील नावाच्या स्त्रीवरून झाले होते हे मागाहून कळले, तेव्हा असा वेडेपणा पुन्हा करू नये याची आठवण म्हणून त्यांनी गिटारचे नाव लुसील ठेवले. आमच्या वहीत कुणाच्या गिटारला नदीचे नाव आहे, कुणाच्या गिटारला आजीचे. गिटार तयार झाल्याचा निरोप देताना आम्ही ते नाव घेतो आणि ऐकणाऱ्याचा आवाज लगेच खुलतो.

दुकान आम्हा दोघा भावंडांचे. ताई रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायची, मी फावल्या वेळात ब्लूज वाजवायचो. सुरुवातीची कामे किरकोळ होती : फिरवताना खरखरणारे व्हॉल्यूमचे पॉट (आवाज कमीजास्त करणारी बटणे), सैल झालेले जॅक, तुटलेली अर्थची तार. या कामांतून पैसे बेताचेच मिळाले, पण शिकायला पुष्कळ मिळाले, आणि ते शिकवणारे बहुतेक जण दिवसभर दुसरे काही काम करून संध्याकाळी तासभर गिटार घेऊन बसणारे लोक होते.

त्यांच्या खटपटीकडे आदराने पाहायला आम्हाला एका स्विचने शिकवले. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार १९५४मध्ये आली तेव्हा तिला तीन पिकअप (तारांच्या कंपनांचा विजेचा संकेत करणारे चुंबकी भाग) आणि तीनच खाचांचा स्विच होता. एका वेळी एकच पिकअप वाजावा अशी बनवणाऱ्यांची कल्पना होती. वाजवणाऱ्यांनी मात्र तो स्विच दोन खाचांच्या मधोमध हलकेच अडकवून पाहिला आणि दोन पिकअप एकदम वाजल्यावर येणारा पोकळ, घंटेसारखा आवाज त्यांना सापडला. पाच खाचांचा स्विच कारखान्यातून १९७७मध्ये आला, म्हणजे वादकांचे बोट बनवणाऱ्यांच्या दोन दशके पुढे होते. आमच्याकडे कुणी एखादी विचित्र मागणी घेऊन आले की ताई हा दाखला देते आणि सांगते, ‘आधी करून बघू, मग काय ते बोलू.’

तारांचे प्रकरण सर्वांत जास्त रंगते. अमेरिकी ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन यांच्या गिटारची सर्वांत बारीक तार ०.०१३ इंचांची असे, हे ब्लूज वाजवू लागलेल्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा कळते, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत तो जाड तारांचा संच घेऊन आमच्या दारात उभा असतो. व्हॉन आपली गिटार अर्धा सूर उतरवून लावत, हा त्या माहितीचा उत्तरार्ध बहुधा वाटेतच गळालेला असतो. अर्धा सूर उतरवला की तारेवरचा ताण सुमारे ११ टक्क्यांनी घटतो, आणि ब्लूजमध्ये तार ओढून सूर चढवायचा असल्याने हा फरक बोटांना चांगलाच जाणवतो. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधला तो दुखरा सूर तार ओढूनच हाती लागतो. बोट सोलवटलेले असेल तर तिथे कुणाला थांबता येईल? म्हणून आम्ही आधी सर्वांत बारीक तार ०.०१० इंचांची असलेला संच चढवून, गिटार अर्धा सूर उतरवून, त्यांना दहा मिनिटे वाजवू देतो. तरीही जाडच तारा हव्या असतील तर नटच्या, म्हणजे वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाचा कानशीने रुंद कराव्या लागतात, नेकच्या (गिटारच्या दांडीच्या) आतली लोखंडी सळई पुन्हा कसावी लागते आणि खालच्या टोकाच्या ब्रिजवरची प्रत्येक तार नव्याने सुरात बसवावी लागते. खाच एकदा रुंद झाली की बारीक तार तिच्यात सैल पडून झणझणते, हे आम्ही काम हाती घेण्याआधीच सांगून टाकतो.

पेडल बनवण्याकडे आम्ही ओघानेच वळलो. ब्लूज वादकाला हवा असलेला आवाज मुळात दमलेल्या अ‍ॅम्पचा आवाज आहे. १९५१मध्ये अमेरिकेत मेम्फिसला आइक टर्नर यांच्या बँडचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा गिटारवादक विली किझार्ट यांच्या अ‍ॅम्पचा स्पीकर प्रवासात खराब झालेला होता. त्यात कागद कोंबून वेळ निभावून नेली गेली आणि त्या मोडक्या स्पीकरची घरघर लोकांना मनापासून आवडली. अ‍ॅम्प पूर्ण चढवला की अशीच घरघर येते, पण घरात तसे वाजवता येत नाही. पेडल तेच काम पायाखालच्या डबीत करते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या हिरव्या ट्यूब स्क्रीमर या पेडलची रचना आम्ही कितीतरी वेळा उलगडून पाहिली आहे : संकेत वाढवणारी एक साधी दुहेरी ऑपअ‍ॅम्प चिप, लाटेची टोके कापून घरघर आणणारे, तिच्या परतीच्या मार्गात बसवलेले दोन सिलिकॉन डायोड आणि साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या कंपनांना कमी वाढ देणारी जोडणी. त्यामुळे खर्ज गढूळ होत नाही आणि मधले सूर पुढे येऊन गाऊ लागतात.

आमच्या पहिल्या वीस पेडलांनी आम्हाला रडवले. विकल्यानंतर दोन महिन्यांच्या आत त्यांतली एकेक परत येऊ लागली. सगळ्यांची तक्रार एकच, की पाय दाबला की आवाज कधी येतो, कधी जातो. ताईने पायाने दाबायचा एक स्विच कापून उघडला तेव्हा उलगडा झाला. त्या स्विचला तारा जोडायचे, तीन ओळींत मांडलेले नऊ धातूचे पाय असतात, आणि मी एकेका पायावर सोल्डरिंग आयर्न गरजेपेक्षा जास्त वेळ टेकवून ठेवल्यामुळे आतले प्लॅस्टिक वितळून पत्रा तिरका झाला होता. चूक सर्वस्वी आमची होती. आम्ही वीसही पेडले परत मागवून फुकट दुरुस्त केली. तेव्हापासून एका पायावर दोन सेकंद, मग लांबच्या दुसऱ्या पायावर, असा क्रम ठरला आहे. त्या वीस जणांपैकी एकानेही पैसे परत मागितले नाहीत. काही जण तर दुरुस्ती पाहायला येऊन बसले आणि तिथेच एकमेकांचे मित्र झाले.

त्यातूनच महिन्यातल्या एका संध्याकाळची बैठक सुरू झाली. गिटारमधल्या टोनच्या कपॅसिटरवरून, म्हणजे आवाजाची तीक्ष्णता कमी करणाऱ्या छोट्या भागावरून, चाललेला वाद तिथे एकदा शिगेला पोहोचला. कुणाच्या मते तेलात भिजवलेल्या कागदाचा जुना कपॅसिटर आवाजाला गोडवा देतो, कुणाच्या मते दोन दमड्यांचा सिरॅमिकही तेच काम करतो. ताईने मीटरवर मोजून ०.०२२ मायक्रोफॅरडच्या आसपास अगदी सारखे भरणारे चार निरनिराळे कपॅसिटर निवडले, ते एका फिरत्या स्विचला जोडले आणि डबीला पाठ करून सगळ्यांना बसवले. अंदाज पार फसले, हशा पिकला. जुन्या कपॅसिटरची बाजू मांडणाऱ्या काकांनी तरीही तोच आपल्या गिटारमध्ये बसवून घेतला, कारण झाकण उघडल्यावर तो दिसला की वाजवावेसे वाटते, असे ते म्हणाले. मला हे कारण पुरेसे वाटते. ज्याने हात गिटारकडे वळतो त्याला मी निरुपयोगी म्हणणार नाही.

अ‍ॅम्पच्या बाबतीत मात्र आम्ही काटेकोर आहोत. पन्नास वॉटच्या जागी पाच वॉटचा अ‍ॅम्प घेतला की आवाज दहाव्या हिश्शावर येईल अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात फरक दहा डेसिबलचा पडतो आणि कानाला आवाज फार तर निम्मा वाटतो. आमचा ६व्ही६ जातीच्या एका काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा पाच वॉटचा अ‍ॅम्पही बंद खोलीत पूर्ण चढवला तर मोठाच वाटतो, हे आम्ही विकण्यापूर्वी ऐकवून दाखवतो. शिवाय तो स्वतः उघडण्याची हौस कुणी करू नये असे बजावतो, कारण प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरांत तीनशे व्होल्टच्या वर दाब साठून राहू शकतो. ताई रोधातून (रेझिस्टरमधून) तो उतरवून, मीटरवर शून्य पाहिल्याशिवाय आत बोट घालत नाही.

आज आमच्याकडे दोन मदतनीस आहेत आणि आमची तीन पेडले व एक अ‍ॅम्प नियमित विकला जातो. भिंतीशी अदलाबदलीचे एक कपाट आहे : नवे पेडल घेण्याची ओढ लागलेल्याने आपले एक पेडल तिथे ठेवावे, दुसरे महिनाभर घरी न्यावे. त्यामुळे आमची विक्री थोडी घटते, हे ठाऊक असूनही आम्ही ते चालू ठेवले आहे. ज्यांनी चार पेडले फिरवून पाहिली आहेत ते पाचवे जपून निवडतात, आणि घेतले की वर्षानुवर्षे वाजवतात.

गेल्या वर्षी जाड तारा चढवून घेतलेला एक तरुण काल पुन्हा आला होता. बोटे आता तयार झाली आहेत, पण सहा महिने बारीक तारांवर वाजवून तो हातही त्याला आवडू लागला आहे, तेव्हा दोन्ही हवे म्हणाला. म्हणून त्याच्यासाठी हाडाचा दुसरा नट घासून ठेवायचा ठरला आहे, एक बारीक तारांचा, एक जाड तारांचा. वहीत नोंद झाली आहे. नावाच्या रकान्यात त्याने या वेळी स्वतःच्या हाताने ‘वीज’ असे लिहिले.