पिकअपची तयारी, नोंद ३ : टायर चढले, चेन बसवून पाहिली

मागच्या नोंदीत स्प्रिंग आणि शॉक-अप झाले, आता टायर. गाडी तीच, डबल कॅब पिकअप, पार्ट-टाइम फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद गरजेपुरतीच), कंपनीचा साइझ २६५/६५ आर१७ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बगलेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). वापर तीन तऱ्हेचा: वर्षभर घोडबंदर रोड आणि ठाणे-बेलापूर रोड, पावसाळ्यात मुरबाड-शहापूरकडचे कच्चे रस्ते, आणि जानेवारीत सिमला-किन्नौर मार्गे हिमाचलच्या स्पितीतलं काझा, तेही हौद्यात पाणी, डिझेलचे कॅन, तंबू आणि हत्यारं भरून. या तिन्हीला एकच संच हवा होता.

घेतलं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना कारणांशी देणंघेणं नाही त्यांची सुटका: एलटी (लाइट ट्रक वर्गाचा टायर) २६५/६५ आर१७, १२०/११७ एस (वजन आणि वेगाच्या क्षमतेचा कोड), ऑल-टेरेन म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीची नक्षी, बगलेवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) तीन शिखरं आणि हिमकण असलेलं चिन्ह. पाच नग, स्टेपनीसकट. जोडीला मागच्या चाकांवर बर्फात चढवायच्या चेनची एक जोडी. मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे मोठ्या गुटक्यांचे टायर, घेतले नाहीत, आणि त्याबद्दल चर्चा करायला पूर्ण तयारी आहे.

दुकानात शिरताच सगळे नक्षी बघतात. पहिला मुक्काम वजनकाट्यावर करा. तुर्भे, कळंबोली, तळोजा, कुठेही काटा सापडतो. गाडी प्रवासाला निघेल तशी भरायची, टाकी फुल, माणसं आत. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. आपल्या गाडीचे आकडे: पुढे ११८०, मागे १५२०, एकूण २७०० किलो. मागच्या चाकाला ७६० येतात, पण पाण्याची टाकी आणि हत्यारांची पेटी दोन्ही डावीकडे, म्हणून ५५-४५ धरले तर डाव्या मागच्या टायरवर सुमारे ८३५. हिशेबात धरायचा आकडा हाच, सरासरी नाही.

आता कंपनीचा टायर ११२ लोड इंडेक्सचा (एक टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा), म्हणजे ११२० किलो. पण तो कार-एसयूव्ही वर्गातला. असा टायर पिकअपवर चढवला की क्षमता १.१ ने भागायची, उरतात १०१८. तरीही ८३५ आरामात बसतात. थोडक्यात, नुसत्या वजनासाठी एलटी घ्यायची गरजच नव्हती. 'माल भरतो म्हणून टेन प्लायच पाहिजे' असं सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी काटा बघितलेला नसतो.

मग एलटी कशासाठी? बगलेसाठी. शहापूरकडच्या रस्त्यांवर फोडलेली काळी खडी असते, तिची धार ताजी असते, आणि किन्नौरमध्ये दरडीचे तुकडे रस्त्यावरच पडलेले. नक्षीतलं भोक स्ट्रिपने बुजतं, बगलेतला काप बुजत नाही. टेन प्ला‍य म्हणजे आत दहा थर असतात असं नाही. ती ताकदीची जुनी मोजणी आहे, लोड रेंज ई. सी म्हणजे सिक्स प्लाय, कमाल ५० पीएसआय. डी म्हणजे एट, ६५. ई म्हणजे टेन, ८०. आपल्याला खरं तर सी पुरला असता, पण या साइझमध्ये हवं ते चिन्ह असलेला ईच मिळाला. १२०/११७ मधला पहिला आकडा एकेरी चाकाचा, १४०० किलो. दुसरा मागे जोडचाकं असलेल्या गाडीसाठी, १२८५ किलो.

ईची किंमत पैशात कमी आणि इतरत्र जास्त मोजावी लागते. प्रत्येक चाक ५-६ किलोने जड, म्हणजे पिकअप सुस्तावते, ब्रेकला जास्त काम पडतं आणि रिकाम्या गाडीत गायमुखचा घाट मणक्यात जाणवतो. दुसरी गोष्ट हवेची, आणि इथे हमखास गफलत होते. दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा आकडा कंपनीच्या मूळ टायरचा असतो. साधा टायर ३५-३६ पीएसआयला जे ११२० किलो उचलतो, त्यासाठी याच साइझच्या एलटीला पन्नासच्या वर हवा लागते. एलटीमध्ये डोळे झाकून स्टिकरचे ३२ भरले आणि हौदा भरून हायवेला ९० ने निघालात, तर बगल सतत दुमडते, तापते आणि आतले थर सुटायला लागतात. उलट, बगलेवर ८० लिहिलंय म्हणून ८० भरणारेही आहेत. तो कमाल आकडा आहे, सल्ला नाही.

आपण ठरवलेली थंड हवा: रिकामी गाडी पुढे ३६, मागे ३४. भरलेली पुढे ३६, मागे ४४. तपासायला खडू पुरतो. नक्षीवर आडवी जाड रेघ मारायची, सपाट रस्त्यावर शंभरेक मीटर सरळ जायचं. रेघ मधली पुसली आणि कडा राहिल्या तर हवा जास्त, कडा पुसल्या तर कमी.

२६५/७० आर१७ का नाही, हे विचारणार याची खात्री आहे. मूळ टायरचा व्यास ७७६ मिलिमीटर, सत्तरचा ८०३. साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढ, म्हणजे मीटरवर शंभर दिसतात तेव्हा गाडी १०३ च्या पुढे. जमिनीपासूनची उंची वाढते फक्त १३ मिलिमीटर. एवढ्यासाठी गिअरिंग लांबवायचं, मडगार्डला घासू द्यायचं आणि चेनची जागा घालवायची, हे पटलं नाही. शिवाय कंपनीच्या यादीबाहेरचा साइझ म्हणजे विम्याच्या वेळी वादाला आयतं निमित्त.

बर्फाकडे वळू. एम प्लस एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) ही अक्षरं नक्षीच्या ठेवणीवरून दिली जातात, त्यासाठी बर्फावर चाचणी सक्तीची नाही. तीन शिखरांच्या चिन्हाला चाचणी आहे: दाबलेल्या बर्फावर ठरावीक संदर्भ टायरपेक्षा किमान दहा टक्के जास्त ओढ मिळाली पाहिजे. जर्मनीने १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून फक्त हे चिन्ह असलेलेच धरायला सुरुवात केली. पण चाचणी ओढीची आहे; पारदर्शक बर्फावर ब्रेक मारल्यावर काय होईल ते चिन्ह सांगत नाही. बीएफगुडरिच केओ-२, योकोहामा जिओलँडर जी०१५ या ऑल-टेरेनवर बऱ्याच साइझमध्ये ते असतं, मात्र आपल्या साइझच्या बगलेवर स्वतः बोट ठेवून बघा.

खरे हिवाळी टायर का घेतले नाहीत, याचं उत्तर हवामानात आहे. त्यांचं रबर साधारण ७ अंशांखाली लवचिक राहावं म्हणून बनवलेलं असतं. ठाण्याच्या ३२ अंशांत ते मऊ पडतं, ब्रेकिंग लांबतं, आणि काझाच्या वाटेवर पहिला बर्फ दिसेपर्यंत दीड-दोन हजार किलोमीटर डांबर असतं. ज्या बारीक चिरांवर ही सगळी करामत असते, त्यांच्या कडा तिथे पोहोचेपर्यंत गोल झालेल्या असतात. मड-टेरेनची गोष्ट वेगळी: मोठे, सलग गुटके आणि बारीक चिरा जवळपास नाहीत. ताज्या खोल बर्फात ते खणत जातात, दाबलेल्या बर्फावर मात्र धरायला कडाच नसतात. आणि घोडबंदरच्या ओल्या काँक्रीटवर रबराचा स्पर्श कमी, म्हणजे थांबायचं अंतर जास्त. वर्षातले चार महिने तेच काँक्रीट ओलं असतं.

मड-टेरेन जिथे खरोखर जिंकतात ती जागा म्हणजे घाटमाथ्यावरची काळी माती. ती ऑल-टेरेनच्या खाचा भरून टाकते आणि टायरचा गोटा होतो. इकडच्या लाल मुरमात हा त्रास नाही, तिथे ऑल-टेरेन पुरतात. खाडीकाठचा चिखल आणि येऊरचं जंगल टायर तपासायला नाहीत. कांदळवनं संरक्षित आहेत आणि येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं.

गोठलेल्या पाण्यावर उपाय चेनचाच. एकच जोडी असेल तर मागे, बहुतेक पिकअपच्या हँडबुकात तेच सांगितलेलं असतं, कारण पुढे सस्पेन्शनच्या वरच्या आर्मला आणि ब्रेक होजला घासायची भीती. मागे लावल्याने ओढ आणि इंजिन ब्रेकिंग मिळतं, स्टिअरिंग मिळत नाही, हे उतारावर विसरू नका. शिडीसारख्या आडव्या कड्यांपेक्षा चौकटी जाळीची चेन आडवी घसरण जास्त रोखते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोरड्यावर बसवून बघितली: आधी आतल्या बाजूचा हूक, मग बाहेरचा, मग ताण. पन्नास-शंभर मीटर सरकवून पुन्हा ताण द्यावाच लागतो, पहिल्या वेळी ती बसल्यासारखी वाटते पण सैल असते. हातमोजे घालून हूक लागतो का तेही बघा, तिथे उघड्या बोटांनी जमणार नाही. वेग ३०-४०. डांबर लागलं की काढायची, नाहीतर कडी तुटते आणि सुटलेलं टोक मडगार्डचं अस्तर आणि ब्रेक होज झोडपतं.

आता थंडी आणि उंचीचा एकत्र हिशेब, कारण यावर फार गोंधळ आहे. ठाण्यात ३० अंशांना ३६ पीएसआय भरले. बाहेरच्या हवेचे १४.७ धरून टायरच्या आत एकूण ५०.७. काझाला उणे १५ ला हे आकुंचन पावून ४३.२ होतात. पण ३७०० मीटरवर बाहेरचा दाबच ९.३ च्या आसपास, आणि गेज आत-बाहेरचा फरकच दाखवतो, म्हणून जवळपास ३४. थंडीने जे नेलं ते उंचीने बरंचसं परत दिलं. दुपारी ८ अंश झाले तर गेज ३८ च्या जवळ. तेव्हा सकाळी घाबरून भरू नका आणि दुपारी काढू नका. पहाटेचा आकडा ठरवलेल्यापेक्षा ४ ने खाली गेला तरच पंक्चर शोधा. गेज एकच वापरा, पेट्रोल पंपावरचा आणि आपला यांत तीनचा फरक सहज निघतो.

कच्च्या रस्त्याची हवा, एलटीच्या जाड बगलेसाठी: मुरूम आणि खडी २६-२८, चिखल २०-२२, खोल मऊ बर्फ १८-२०. दाबलेल्या बर्फावर आणि गोठलेल्या पाण्यावर नेहमीचीच. पंचवीसच्या खाली आलात की वेग चाळीसच्या आत, आणि पंधराच्या खाली वळणावर टायर रिमवरून उतरू शकतो. परत भरायला कॉम्प्रेसर थेट बॅटरीला जोडा. ३० अँपिअर ओढणारं यंत्र लायटरच्या सॉकेटला लावलं तर पहिला फ्यूज जातो. काझाच्या उंचीला हवा विरळ असल्याने तोच कॉम्प्रेसर बराच जास्त वेळ घेतो, मधे थंड होऊ द्या.

खरेदी आणि बसवण्याबद्दल थोडं. बगलेवरच्या कोडचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. हे अंक बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, ती बाजू बाहेर ठेवून बसवायला सांगा. पाचही नग जवळच्या तारखांचे घ्या. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसर टाकीतलं पाणी आधी काढायला लावा. पावसाळी हवेतलं पाणी टायरात गेलं तर उणे तापमानात व्हॉल्व्हमध्ये गोठून हवा निसटते. व्हॉल्व्ह नवे, टोप्या रबरी वायसर असलेल्या. चाकाचे नट हँडबुकातल्या टॉर्कला, इम्पॅक्ट गनवर भरवसा नको, आणि ५०-८० किलोमीटरवर पुन्हा. पहिले तीनशे किलोमीटर जोराचं ब्रेकिंग टाळायचं, नव्या रबरावर साच्याचा ओशटपणा असतो.

पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये चारही टायरची झीज सारखी हवी, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. म्हणून स्टेपनीही फिरतीत, दर ८००० किलोमीटरला. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं, बर्फासाठी ४ च्या खाली गेलेला संच नेऊ नका.

सध्याची स्थिती: पाचही टायर चढले, बॅलन्सिंग झालं, डाव्या मागच्या चाकाला वजन जास्त लागलं म्हणून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवला, मग निम्म्याने कमी झालं. व्हील अलाइनमेंट भरलेल्या गाडीवर करायची आहे, ती पुढच्या आठवड्यात. पाण्याची टाकी उजवीकडे हलवायचा ब्रॅकेट वेल्डिंगला दिला आहे. तो आला की पुन्हा काट्यावर.